मामांचा पेनड्राइव्ह आणि १८७ रेकॉर्डिंगं

दिवाळीच्या दोन दिवस आधी दर्यापूरहून मामांचा फोन आला. "काऊन रे, थो पेनड्राइव्ह उघडूनच नाही राहिला. फॉरमॅट कर म्हणते." मग जरा थांबून, हळू आवाजात, "त्यातच सगळं होतं बाप्पा."

सगळं म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर एवढी उस्तवार कशासाठी केली ते कळायचं नाही. मामा जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले आणि पुढची पाच-सहा वर्षं दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या पट्ट्यात गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत बसले. हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या गोळा केल्या हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, तेव्हा आपल्या गावांचं आपण करू म्हणून एक छोटा व्हॉइस रेकॉर्डर घेतला, एक वही केली, आणि निघाले. वहीत १८७ रेकॉर्डिंगांची नोंद आहे, नंबर, बाईचं नाव, गाव, तारीख. त्यातल्या बऱ्याच आज्या आता नाहीत. रेकॉर्डरची मेमरी भरली की मामा तो लॅपटॉपला लावून फाइली कट करून पेनड्राइव्हवर पेस्ट करायचे, कॉपी नाही, कट. शिवाय त्यावर पुस्तकाची टाइप केलेली दहा प्रकरणं, बायकांचे फोटो, आणि टीव्हीवर लावायची भजनं. एकच पेनड्राइव्ह, १६ जीबीचा, कुठल्यातरी कार्यक्रमात भेट मिळालेला.

मी पहिली गोष्ट सांगितली की आता तो कशालाच लावू नका, काढून डबीत ठेवा. पण उशीर झालेला होता. झालं असं होतं की आधी एका फोल्डरमधल्या फाइलींची नावं चिन्हविचिन्ह दिसायला लागली, म्हणून मामा तो एका दुकानात घेऊन गेले, तिथल्या पोरानं विंडोजचं एरर चेकिंग म्हणजे चेकडिस्क चालवलं, त्यानंतर दोन दिवस बरा चालला, फक्त तो फोल्डर गायब आणि त्याजागी फाउंड डॉट झिरो झिरो झिरो नावाचं काहीतरी आलेलं, आणि तिसऱ्या दिवशी सरळ फॉरमॅटचा मेसेज. पोरानं मदत म्हणूनच केलं, त्याला दोष देत नाही. पण चेकडिस्कचं काम फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे याची मांडणी, सुसंगत करणं हे आहे, तुमचा डेटा वाचवणं हे नाही, आणि ते करताना ते त्याच मरणाऱ्या ड्राइव्हवर लिहितं. ड्राइव्ह ठणठणीत असेल आणि फक्त न इजेक्ट करता उपटल्यामुळं गोंधळ झाला असेल तर ठीक. हार्डवेअरच जात असेल तर नको.

भाऊबीजेला मामा नागपूरला आले तेव्हा पेनड्राइव्ह सोबत आणला, प्लास्टिकच्या हळदीकुंकवाच्या डबीत.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार. लावायच्या आधी दोन कामं केली, आपोआप माउंट होणं, म्हणजे लावल्या लावल्या ड्राइव्ह उघडणं, बंद केलं आणि डीमेसेजचा लॉग, म्हणजे लिनक्स हार्डवेअरबद्दल जे टिपत जातं ते, समोर उघडा ठेवला. लावल्यावर पहिलं काय बघायचं तर साइझ. ड्राइव्हनं स्वतःची साइझ बरोबर सांगितली, १५.५ अब्ज बाइट, म्हणजे विंडोज जी १४.४ जीबी दाखवतं ती. इथंच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. कारण साइझ बरोबर म्हणजे आतला कंट्रोलर, म्हणजे मेमरी सांभाळणारी चिप, जिवंत आहे आणि मेमरी चिपशी त्याचं बोलणं चालू आहे, काही जागा वाचता येत नाहीत एवढंच, आणि हे काम घरी होऊ शकतं. साइझ शून्य आली असती, किंवा विंडोज 'डिस्क घाला' म्हणालं असतं, तर कंट्रोलर जागा आहे पण त्याला चिप वाचता येत नाहीये, मग कुठलंही सॉफ्टवेअर, फुकटचं असो की विकतचं, काही उपयोगाचं नाही. आणि कॉम्प्युटरला काही लावलंय हेच कळत नसेल तर कधी नुसता कनेक्टरचा सोल्डर सुटलेला असतो, तो चांगल्या कारागिराकडून जोडून घेता येतो, नाहीतर मग डेटा परत काढणारी लॅब. तिथं चिप काढून कच्चा डेटा वाचतात, कंट्रोलरनं तो ज्या पद्धतीनं विस्कटून ठेवलेला असतो ती उलटी करतात, पीसी-३००० फ्लॅशसारखी यंत्रं त्यासाठीच असतात, आणि हल्लीच्या नखाएवढ्या ड्राइव्हमध्ये चिप आणि कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात असतात तेव्हा ते काम आणखी किचकट आणि महाग होतं.

लॉगमध्ये 'क्रिटिकल मीडियम एरर' च्या ओळी दिसायला लागल्या. म्हणजे ठरलं, एकही फाइल उघडून बघायची नाही, आधी अख्ख्या ड्राइव्हची इमेज, म्हणजे बाइट न् बाइट उतरवलेली प्रत एकाच फाइलीत.

इथं लोक मोह आवरत नाहीत. मामा बाजूला बसलेले, म्हणतात, "एक तं उघडून दाखव." मी नाही म्हटलं. पेनड्राइव्हच्या नँड म्हणजे मेमरीच्या चिपमध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका सेलमध्ये अडकवून ठेवलेला विद्युतभार असतो, तो वर्षानुवर्षं थोडा थोडा गळतो, स्वस्त चिपमध्ये एकाच सेलमध्ये तीन-तीन बिट कोंबलेले असतात त्यामुळं दोन पातळ्यांमधलं अंतर आधीच कमी, थोडा भार गळला की शून्य का एक ते ओळखता येत नाही. कंट्रोलर एरर करेक्शन लावून बरंच सावरून घेतो, पण ते हरलं की आपल्याला एरर मिळते. आणि वाचणंसुद्धा अगदी निरुपद्रवी नसतं, चिपमधलं एक पान, म्हणजे एकदम वाचला जाणारा डेटाचा गठ्ठा, वारंवार वाचलं की शेजारच्या पानांवर त्याचा थोडा परिणाम होतोच, शिवाय आपण कितीही रीड-ओन्ली म्हटलं तरी कंट्रोलर आतल्या आत डेटा इकडचा तिकडं हलवू शकतो. त्यामुळं हे वाचन मोजून मापून करायचं, आणि जे वाचलं ते लगेच दुसरीकडं उतरवून घ्यायचं.

टूल म्हणजे जीएनयू डीडीरेस्क्यू. साधी कॉपी पहिल्या खराब जागेवर डोकं आपटत बसते. हे तसं नाही, अडलं की ती जागा टिपून पुढं उडी मारतं, सोपं आहे ते सगळं आधी उचलतं, अवघड शेवटी. काय मिळालं, काय राहिलं याचा हिशेब मॅपफाइल नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळं मध्येच थांबलं तरी पुन्हा तिथूनच सुरू. मॅपफाइल न देता डीडीरेस्क्यू चालवणं म्हणजे पावती न घेता पैसे देणं.

आता माझी चूक. घाईत मी इमेज एका नव्या ३२ जीबी पेनड्राइव्हवर उतरवायला लावली. अठरा एमबी दर सेकंदानं मस्त चाललेलं, आणि चार मिनिटांत बंद, फाइल फार मोठी. तो पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टीमचा होता आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, हे मला माहीत नाही असं नाही, पंधरा वर्षं माहीत आहे. मामांच्या चेहऱ्याकडं बघवेना. पण मॅपफाइल होती म्हणून नुकसान काही नाही, तोपर्यंतची इमेज आणि मॅपफाइल दोन्ही बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवल्या आणि तिथून पुढं चालू केलं.

५.२ जीबीच्या आसपास स्पीड एमबीवरून केबीवर आला, मग शून्य, मग ड्राइव्ह गायब. लॉगमध्ये 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर उणे ७१'. थोड्या वेळानं स्वतःच परत आला पण नाव बदलून, आधी एसडीबी होता तो आता एसडीसी. ही फार धोक्याची जागा आहे. जुनीच कमांड वरचा बाण दाबून परत मारली आणि तोवर एसडीबी हे नाव दुसऱ्याच कुठल्या डिस्कला मिळालेलं असलं तर अर्ध्या इमेजमध्ये मामांच्या ओव्या आणि अर्ध्यात तुमचा स्वतःचा डेटा. म्हणून नाव एसडीबी असं द्यायचंच नाही, डिस्क बाय-आयडीचा लांबलचक पत्ता द्यायचा, त्यात ड्राइव्हचा सिरियल नंबर असतो, तो बदलत नाही.

ड्राइव्ह हाताला चांगलाच गरम लागत होता. गार होऊ दिला की दहा-पंधरा मिनिटं धड चालायचा, तापला की तुटायचा, असं दोन-तीनदा लक्षात आल्यावर एक्स्टेंशन केबल लावून तो टेबल फॅनसमोर टांगला. मामी म्हणाल्या, "पेनड्राइव्हले ताप आला का?" मग मी उलटं वाचन लावलं, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडं, त्यानं त्या ५.२ जीबीच्या दलदलीच्या पलीकडचं सगळं जवळपास सलग मिळालं. दलदल शेवटी, छोट्या छोट्या घासांनी, तीन-तीनदा प्रयत्न करत. काही जागा तिसऱ्या प्रयत्नात मिळाल्या, त्याच, ज्या दोनदा मेल्या म्हणून सांगितल्या होत्या. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ११ एमबी मिळाले नाहीत, बाकी ९९.९३ टक्के हातात. पेनड्राइव्ह परत डबीत. इथून पुढं त्याला हात लावला नाही, सगळं काम इमेजवर, तेसुद्धा इमेजच्या कॉपीवर.

फाइल सिस्टीमचा भाग त्यामानानं लवकर झाला. विंडोज फॉरमॅट म्हणत होतं कारण बूट सेक्टरच, म्हणजे ड्राइव्हची मांडणी सांगणारा सुरुवातीचा तुकडा, वाचता येत नव्हता, पण फॅट३२ मध्ये त्याची एक जादा प्रत सहाव्या सेक्टरला ठेवलेली असते, टेस्टडिस्क नावाच्या टूलनं ती शोधून जागेवर बसवली. कुठली फाइल कुठून कुठं जाते याचा तक्ता, म्हणजे फॅट, त्याच्याही दोन प्रती असतात, पहिलीत भोक होतं, दुसरी शाबूत. इमेज माउंट झाली आणि फोल्डर दिसले. ९६ रेकॉर्डिंगं नावासकट. फोटो जवळजवळ सगळे.

अचलपूरचा फोल्डर मात्र नव्हता, तोच तो चिन्हविचिन्हवाला. चेकडिस्कनं त्याच्या खराब झालेल्या नोंदी उडवल्या होत्या, पण उडवताना ज्या फाइल-साखळ्या बेवारस झाल्या त्या फाउंडच्या फोल्डरमध्ये सीएचके नावानं जमा करून ठेवल्या होत्या. लोक हा फोल्डर कचरा समजून डिलीट करतात. कचरा नाही तो. नाव गेलेलं असतं, आतला माल बहुतेक वेळा तसाच असतो. लिनक्सच्या फाइल कमांडनं प्रत्येकाची सुरुवात तपासून कोण एमपी३ आणि कोण फोटो ते सांगितलं, नावामागचं एक्स्टेंशन बदललं, आणि ७१ रेकॉर्डिंगं आणखी मिळाली. म्हणजे त्या पोरानं घातलेला घोळ अर्धा त्यानंच निस्तरून ठेवला होता म्हणायचा.

उरलेल्या रिकाम्या जागेवर फोटोरेक नावाचं टूल चालवलं. नाव फोटोरेक असलं तरी ते शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतं, तक्त्याकडं बघतच नाही, नुसती फाइलीची सुरुवात कशी दिसते त्यावरून उचलत जातं, म्हणून नाव, फोल्डर काही मिळत नाही आणि तुकड्या-तुकड्यात पडलेली फाइल अर्धवट येते. ५२ एमपी३ आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त भजनं किंवा आधीच मिळालेल्या फाइलींचे तुकडे, कामाच्या १४.

आता ८५ फाइली बिननावाच्या, कुठली कुणाची? इथं मामांच्या मास्तरकीनं वाचवलं. प्रत्येक रेकॉर्डिंग सुरू करताना हजेरी घेतल्यासारखं ते स्वतः बोलायचे, गाव अमुक, तारीख अमुक, सौभाग्यवती अमुक किंवा श्रीमती अमुक. पहिले दहा सेकंद ऐकायचे, वहीत बघायचं, नाव द्यायचं. मामा आणि मी एक अख्खी दुपार-संध्याकाळ बसलो, तेवढ्या वेळात ते चारदा उठून बाहेर जाऊन आले, कारण काही आवाज त्यांनी परत ऐकायची तयारी केलेली नव्हती.

पुढचा प्रश्न, ते ११ एमबीचे खड्डे कुठल्या फाइलींत पडलेत? डीडीरेस्क्यूला मॅपफाइल दिली की न मिळालेल्या जागा तो आपण सांगू त्या मजकुरानं भरतो, मी एक विचित्र शब्द दिला जो दुसरीकडं कुठंच नसणार, मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला. बहुतेक खड्डे रिकाम्या जागेत आणि भजनांत. २३ रेकॉर्डिंगांत सापडले, दोन वर्डच्या फाइलींत.

आणि इथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, खड्डा तेवढाच असला तरी कुठली फाइल किती जखमी होते ते तिच्या घडणीवर आहे. एमपी३ म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांच्या छोट्या फ्रेमा, एकामागं एक. १२८ केबीपीएसला एका सेकंदाचे १६,००० बाइट होतात, म्हणजे १६ केबीचा खड्डा पडला तर एक सेकंद जातं, खट्ट आवाज येतो, आणि पुढं गाणं चालू. ओवीतला एक शब्द गेला. मामांना बऱ्याच पाठ होत्या, ते वहीत पेन्सिलनं शब्द भरत गेले, जिथं खात्री नाही तिथं जागा कोरी.

वर्डच्या फाइलींचं वेगळंच. नऊ प्रकरणं जुन्या डॉक फॉरमॅटमध्ये. मी रात्री एक उघडलं तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. दुसरं उघडलं, तेच. मामांना फोन करून सांगून टाकलं की पुस्तक गेलं, टायपिंग परत करावं लागेल. ते फक्त "बरं" म्हणाले. सकाळी दात घासताना डोक्यात प्रकाश पडला, मामा कृतिदेवमध्ये टाइप करतात! जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, फॉन्ट नसेल तर 'मराठी' हा शब्द ई-जे-के-बी-एच असा दिसतो. माझ्या उबुंटूत कृतिदेव कुठून असणार. फॉन्ट टाकला आणि नऊच्या नऊ प्रकरणं मराठीत समोर. जुन्या मराठी फाइली परत काढणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा, खिचडी दिसली म्हणजे फाइल खराब असंच नाही, आधी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, जो कुठला असेल तो फॉन्ट टाकून बघा. मी सकाळी सातला मामांना फोन केला. अर्धी रात्र त्यांना झोप लागली नव्हती हे मामींनी नंतर सांगितलं.

नऊपैकी एकात ४ केबीचा खड्डा होता. डॉकमध्ये मजकूर दाबून भरलेला नसतो, कृतिदेवचं एक अक्षर एक बाइट, म्हणजे चारेक हजार अक्षरं, दीड-दोन पानं गेली, आगे-मागे सगळं शाबूत. दहावं प्रकरण मात्र भाचीनं नव्या लॅपटॉपवर डॉकएक्स करून दिलेलं. डॉकएक्स म्हणजे आतून झिप, सगळा मजकूर एका फाइलीत दाबून भरलेला, आणि दाबलेल्या डेटात पुढचं मागच्यावर अवलंबून असतं, म्हणून तेवढ्याच ४ केबीनं अख्खी फाइल उघडेना. झिप दुरुस्तीच्या कमांडनं खड्ड्यापर्यंतचा मजकूर निघाला, २६ पैकी ११ पानं. बाकी मामा परत लिहितायत. नव्या फॉरमॅटला नावं ठेवत नाही, पण गंमत आहे की पंचवीसहून जास्त वर्षं जुना फॉरमॅट इथं जास्त चिवट निघाला.

हिशेब: ९६, ७१ आणि १४, झाले १८१. दोन रेकॉर्डिंगं मामांनी पूर्वी आपल्या मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, तिच्या फोनमध्ये सापडली. १८३. चार गेली. आता सगळं तीन ठिकाणी आहे, मामांच्या लॅपटॉपवर, माझ्याकडच्या हार्डडिस्कवर आणि मुलीच्या क्लाउडवर, आणि रेकॉर्डरवरून कट करायचं नाही असं मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या टेबलावर चिकटवलंय. पेनड्राइव्ह अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मामांनी दोनदा विचारलं, "थो परत दे ना, टीव्हीले भजनं लावाले तं चालते." देणार नाही.

त्या चार आज्यांपैकी एक अंजनगावाकडं लेकीकडं असते असं कळलं. परवा मामांचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला, बावीस मिनिटांचा. सुरुवातीला गाव, तारीख, श्रीमती अमुक, वय ८८. आवाज टिकत नाही, दोन ओव्यांनंतर खोकला लागतो, मध्ये कुणीतरी पाणी देतं, मग परत सुरू. मी लगेच सेव्ह करून तिन्ही ठिकाणी टाकला. १८४.